तबेला कुणी जपायचा?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी ट्राम सुरू झाली. ती ओढायला घोडे होते, आणि स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या तबेल्यात ते ९०० होते म्हणतात. एवढे कशाला? भरलेला डबा ओढणारी जोडी काही तासांत दमते. डबा दिवसभर चालवायचा तर मागे ताज्या दमाच्या जोड्या उभ्या हव्यात. त्यामुळे घोड्यांच्या ट्रामचा डेपो म्हणजे मुख्यतः तबेलाच. चंदी-चारा, पाण्याचे हौद, नालबंद, आजारी जनावरांची सोय आणि रोजची लीद उचलण्याचा व्याप! १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि हा सगळा पसारा निकामी झाला. कंपनीचं ऑफिस होतं तिथं आज बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस आहे. नाशिकलाही १८८९ मध्ये शहर ते नाशिकरोड अशी ट्राम आली, तीही आधी घोड्यांचीच. तिचे रूळ टाकताना सल्लागार इंजिनिअर असलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावाजला.

नागपुरात जुन्या गाडीचं घर बघायचं तर घोडे विसरून कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत जावं लागतं.

हे 'छोटी लाईन'चं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचं माहेर. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. सातपुड्याच्या घाटवळणांत अरुंद रूळ कमी जागेत वळतात, डोंगर कमी फोडावा लागतो, खर्च आवाक्यात राहतो. बंगाल नागपूर रेल्वेनं हाच हिशेब केला. गोंदियाहून निघालेले रूळ १९०५ पर्यंत जबलपूरला पोचले, नागपूर-नागभीड १९०८ मध्ये झालं आणि नागपूर-छिंदवाडा १९१३ मध्ये. सावनेर-सौंसरचा संत्र्यांचा मुलूख आणि भिवापूरच्या मिरच्या याच गाड्यांच्या वाटेवर. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये.

मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. इंजिनं आहेत, डबे आहेत, पोरांना फिरवणारी टॉय ट्रेन आहे. रविवारी सहकुटुंब जावं अशी जागा. पण इंजिन ट्रेलरवर चढवून दिल्लीला नेलं तरी इंजिनच राहतं. दुरुस्तीची जागा तशी उचलून नेता येत नाही. खड्ड्यात उतरून फिटर गाडीच्या पोटाखाली कसा पोचायचा, चाकं कुठून बाहेर काढायची, दाराची उंची किती, हे त्या जागेवरच समजतं. एरवी अशा शेडमध्ये देखणं काही नसतं; विटा, लोखंड, पत्रे आणि वंगणाचे डाग. म्हणूनच राजवाडा वाचतो आणि शेड भंगारात जाते. माझ्या मते वारशाच्या यादीत शेडचा नंबर इंजिनाच्याही आधी लागायला हवा.

मोतीबागेतला छोटी लाईनच्या दुरुस्तीचा कारखाना मात्र घोड्यांच्या तबेल्यापेक्षा नशीबवान निघाला. छोटी लाईन गेली, तरी हाताला काम राहिलं. तिथं आता ब्रॉडगेजचे डबे दुरुस्त होतात. त्यांच्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, जुन्याच्या दुपटीहून जास्त.

संग्रहालयात जाल तेव्हा इंजिनासमोर फोटो काढून झाला की जरा खाली बघा. एका रुळाशी टाच टेकवा आणि पाऊल टाका. मोठ्या माणसाच्या एका ढांगेत छोटी लाईन ओलांडून होते.