रुसलेल्या रुक्मिणीचं वेगळं देऊळ

नात्यांची बोली : लेखांक ६

मागच्या लेखांकात हेझन आणि शेव्हर यांची वर्तमानपत्रातली प्रश्नावली पाहिली. मूल आईला जसं निर्धास्त बिलगतं, धास्तावून चिकटतं किंवा टाळतं, तशाच तीन तऱ्हा मोठेपणीच्या प्रेमातही दिसतात, असं त्यांनी १९८७ साली ६२० उत्तरांवरून मांडलं. त्यावर एका वाचक बाईंनी विचारलंय, "भांडण झालं की मी बोलणंच टाकते. म्हणजे मी टाळणाऱ्यांतली का?"

त्याआधी जरा पंढरपूरला जाऊन येऊ. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली, रुक्मिणी आली तरी उठली नाही; रुक्मिणी रुसली आणि तडक दिंडीरवनात येऊन बसली. देव तिला शोधत आला, हे पंढरीचं स्थलपुराण. पुंडलिकाची वीट त्यानंतरची. रुक्मिणीचं देऊळ आजही विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळं आहे. कोल्हापूरची कथाही याच वळणाची. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर, म्हणजे लक्ष्मीच्या राहत्या जागेवर, लाथ मारली आणि नवऱ्याने जाब विचारायचा सोडून ऋषींचेच पाय चेपले. ती वैकुंठ सोडून करवीरला आली. तिरुपतीहून अंबाबाईला दरवर्षी शालू येतो, त्याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. मी तो मनधरणीचा लावते.

दोन्ही कथांत बाई निघून गेली हे खरं. पण जिथे शोधलं तर सापडेल, अशाच ठिकाणी जाऊन बसली.

रुसणं आणि तुटणं यांत फरक आहे तो इथे. आपण राग 'येतो' म्हणतो, अबोला मात्र 'धरतो'. हे धरणं पेशवाईतल्या धरण्याच्या नात्यातलं वाटतं. ज्या सावकाराच्या हाती जोर नसे तो ऋणकोच्या दारात उपाशी बसून राही. दार सोडून जात नसे, तीच त्याची ताकद. आमच्या बायकांचा अबोला या जातीचा. ज्या घरात सुनेने नवऱ्याला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणणं शिष्टाचारात बसत नव्हतं, तिथे न बोलणं हेच तिचं मोठ्याने बोलणं.

अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांची भांडणं चित्रित केली. संसार मोडण्याच्या ज्या चार खुणा त्यांनी सांगितल्या, त्यांतली एक म्हणजे भिंतीसारखं गप्प होणं. अशा गप्प होणाऱ्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष, असं त्यांचं निरीक्षण. तिथला गप्प पुरुष भांडणातून अंग काढून घेत असतो. आपल्याकडे रुसलेल्या बाईचा सगळा जीव भांडणातच असतो. बाहेरून दोन्ही गप्प सारखेच दिसतात, म्हणून तिकडचं माप इकडे लावलं की घोटाळा होतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांमध्ये भांडून त्याला घालवून देणारी आणि मग हळहळणारी कलहांतरिता स्वतंत्र मोजलेली आहे. दशरथाच्या महालात रुसण्यासाठी चक्क वेगळी खोली होती. कैकेयीने तिचा जो उपयोग केला त्यात प्रेम किती आणि राजकारण किती, तो भाग सोडू. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त तर मान धरलेल्या बायका आणि त्यांची समजूत घालणाऱ्या सख्या पानोपानी भेटतात.

ही सखी महत्त्वाची. रुसवा दोघांचा असला तरी तो निभवायला तिसरं माणूस लागतं.

आमच्या घरी ते तिसरं माणूस मी होते. वय सात. आजी स्वयंपाकघरात, आजोबा ओटीवर, मध्ये दहा पावलं. "त्यांना सांग, पान वाढलंय." मी सांगायची. "तिला विचार, ताक आहे का." मी विचारायची. अबोल्यातही पान वेळेवर वाढलं जाई, फक्त आजोबांच्या वरणावर तूप नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजोबा, एरवी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणारे, आत येऊन खवणीवर बसायचे आणि नारळ असा वेडावाकडा खवायचे की करवंटीचा भुगा खोबऱ्यात. आजी बघत राहायची, बघत राहायची आणि मग, "व्हा बाजूला, बोट कापून घ्याल." झालं. माफी कुणीच मागितली नाही. रात्री वरणावर तूप.

यात गोडवा पाहून भुलू नये. मनधरणीला कुणी आलंच नाही तर धरणं धरलेला माणूस उपाशीच मरतो. कित्येक जणींचे अबोले वर्षानुवर्षं तसेच राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत रुक्मिणी जनीवरून विठ्ठलाशी भांडते. पहाटे दळणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याबद्दल जे म्हणता येत नव्हतं, ते देवाच्या बायकोच्या तोंडी घालता येत होतं.

आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये निरोप्या नाही, सखी दुसऱ्या शहरात, आणि मनधरणी म्हणजे काय हे नवऱ्याला कुणी शिकवलेलं नाही. तो समजतो, तिला एकटं राहायचंय, आणि शहाण्यासारखा लॅपटॉप उघडतो. वाचक बाईंना माझं उत्तर असं : गप्प असताना तुमचे कान दाराकडे असतात का, ते पाहा. असले तर तुम्ही टाळणाऱ्यांतल्या नाही. पण त्याला ते कळावं म्हणून एकदा, भांडण नसताना, सांगून टाका.

आणखी एक. रुसायला पाठीशी माहेर लागतं. आजीचा भाऊ, माहेरचं शेवटचं माणूस, गेला आणि तिचं रुसणं थांबलं. वयाने निवळली, असं घरचे म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. पण अधूनमधून, काही भांडण नसतानाही, ते खवणी घेऊन बसत.

(पुढच्या आठवड्यात : माहेर)