सहेरीनंतरचं पुस्तक

रमजानमधला सगळ्यांत लांब तास कोणता, हे रोजा ठेवणाऱ्या कुणालाही विचारा. असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरची नमाज झाली की मगरीबच्या अजानपर्यंतचा. घसा कोरडा, टीव्ही लावावा तर प्रत्येक जाहिरातीत कुणीतरी खातंय. तेव्हा हातात पुस्तक घेऊन खुर्चीत बसावं, ही आमच्या घरांतली जुनी रीत. अर्थात ती पुरुषांची. बायका त्या वेळी भजी तळत आणि फळं चिरत असतात. आमचा वाचनाचा तास सहेरीनंतरचा. फज्रची नमाज होते, भांडी घासून पालथी पडतात, बाकीचे पुन्हा झोपतात आणि कॉलेजला निघेपर्यंत घर आपलं एकटीचं असतं.

मराठी माणसाला वाचनाचा हंगाम म्हटलं की दिवाळी अंक आठवतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठरलेला. रमजान हा आमचा तसाच महिना. कुराण याच महिन्यात अवतरू लागलं आणि पहिला शब्द होता 'इकरा', म्हणजे वाच. त्याचे तीस भाग आहेत, त्यांना पारे म्हणतात. रोज एक वाचला की महिन्याभरात पारायण पूर्ण. ज्या घरात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पारा झाला की मग इतर पुस्तकं. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात भाड्याने पुस्तकं देणारी छोटी दुकानं होती. सगळ्यात जास्त फिरायचे ते इब्ने सफी. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी जे वेड लावलं, तेच यांनी उर्दूत. रोजात जासूसी वाचणं वडीलधाऱ्यांना रुचत नसे, म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं जाई. अशा कव्हरातलं एक पुस्तक ईदपर्यंत पाच-सहा घरं फिरून येई. पानांवर हळदीची बोटं आणि शरबताचे डाग असत. पुस्तक कुणाकुणाकडे जाऊन आलं, ते त्यांवरून कळे.

लग्नानंतर उल्हासनगरला, कॅम्प २ मध्ये आले तेव्हा वाटलं, इथे उर्दू वाचणारं कोण भेटणार? हे गाव सिंधी निर्वासितांचं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना आणलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. गजानन मार्केटमध्ये कपडा घेताना कानावर सिंधी पडायची आणि पाट्यांवर इंग्रजी दिसायची. मग आमच्या इमारतीतल्या एका दादांच्या दारात वर्तमानपत्र दिसलं. अक्षरं उजवीकडून डावीकडे!

दादांचा जन्म शिकारपूरचा, आता वय अठ्ठ्याऐंशी. सिंधी त्यांना अरबी वळणाच्या लिपीतच वाचता येते. ब्रिटिशांच्या काळात, १८५३ मध्ये, सिंधीसाठी बावन्न अक्षरांची ही लिपी ठरवली गेली. भारतात आज तिलाही मान्यता आहे आणि देवनागरीलाही. उर्दू येणाऱ्याला यातली बरीच अक्षरं ओळखीची असतात, पण ठिपके फसवतात. उर्दूत 'ट' लिहिताना अक्षरावर छोटी तोय बसते, सिंधीत तिथे तीन ठिपके. श्वास आत ओढून उच्चारायचे चार आवाज तर उर्दूत नाहीत आणि मराठीतही नाहीत.

दादांची नजर आता अधू झाली आहे. म्हणून रमजानच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसून मोठ्याने वाचते आणि ते माझे उच्चार सुधारतात. "नहीं बेटी, सांस अंदर." निम्म्या शब्दांचा अर्थ मला कळत नाही. तो ते हिंदीत सांगतात आणि सांगता सांगता शिकारपूरला पोहोचतात. पुस्तक बहुतेक वेळा 'शाह जो रिसालो' असतं. शाह अब्दुल लतीफ यांचं हे काव्य पहिल्यांदा छापलं गेलं ते जर्मनीत, लाइपझिगला, १८६६ मध्ये. दादांना मात्र जास्त अभिमान आपल्या गावच्या सामींचा. हे वेदान्ती कवी आपले श्लोक गुरुमुखीत चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकत, अशी कथा आहे. सिंधी भाषा, हिंदू कवी आणि लिपी गुरुमुखी. भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांनी त्या मडक्यात एकदा डोकावावं.

दादांकडे दोन ट्रंका भरून पुस्तकं आहेत. मुलं इंग्रजी शाळेत शिकली, नातवंडं सिंधी बोलतात तीही अर्धी. ट्रंका उघडल्या तरी घरात वाचणारं कुणी नाही. हे मी दुसऱ्याच्या घराबद्दल सांगत नाही. माझी मुलगी घरात उर्दू बोलते, फोनवर ती रोमन अक्षरांत लिहिते आणि नस्तालीक लिपी पाहिली की "अम्मी, तूच वाच ना" म्हणते. घेणाऱ्याला लिपीच येत नसेल तर पुस्तक देऊन काय होणार? उर्दू पुस्तकं खपत नाहीत असं मात्र नाही. मालेगावात डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय उर्दू किताब मेळा भरला, तेव्हा एक कोटीहून अधिक रुपयांची विक्री झाली. पण मालेगावात उर्दू शाळा आहेत. माझ्या मुलीच्या शाळेत उर्दू नाही, म्हणून सुट्टीत रोज एक पान, एवढाच करार मी तिच्याशी केला आहे. त्यातही ती घासाघीस करते.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. स्टाफरूममधल्या मैत्रिणीने मला साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' दिलं, तिला मी सेतुमाधवराव पगडींचं गालिबवरचं पुस्तक दिलं. विनोबांनी कुराण वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली होती, हे मला तिच्याकडूनच कळलं. इथून जवळच, डोंबिवलीत, पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांच्या आदानप्रदानाचा सोहळा भरवते. आपलं वाचलेलं द्यायचं, दुसऱ्याचं वाचलेलं घेऊन यायचं. आम्ही दोघी एकदा तिथे पिशवी घेऊन गेलो आणि आणखी जड पिशवी घेऊन परतलो.

२०२५ मध्ये चेटीचंड ३० मार्चला होता आणि रमजान ईद दुसऱ्याच दिवशी. दादांच्या सूनबाईंनी ताहिरी, म्हणजे त्यांचा गोड भात, पाठवला. डब्यासोबत मी वाचायला दिलेलं इब्ने सफी परत आलं. दादांनी ते भिंग धरून, रोज दोन-दोन पानं करत, संपवलं होतं. डबा रिकामा पाठवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी त्यातून शीरखुर्मा गेला आणि पिशवीत 'जासूसी दुनिया'चा पुढचा भाग. खुनी कोण ते आधी सांगू नकोस, असा त्यांचा निरोप आला.