दीडशे गुणांचा उंबरठा

बंगळुरूच्या मल्लेश्वरम या जुन्या वस्तीत सहाव्या क्रॉसवर कर्नाटकाचे शालेय परीक्षा मंडळ आहे, तर अठराव्या क्रॉसवर दंतवैद्यकाच्या जागांचे वाटप करणारे परीक्षा प्राधिकरण. दोहोंमधील अंतर पायी जाण्याजोगे; परंतु बारावीत भौतिकशास्त्राने दगा दिलेल्या विद्यार्थ्यास ते फार लांबचे वाटते.

बी.डी.एस. प्रवेशासाठी इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय तिन्ही शास्त्रांत मिळून सर्वसाधारण प्रवर्गास ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांस ४० टक्के पुरतात. हा उंबरठा ओलांडला नाही, तर ‘नीट’मधील उत्तम गुणही व्यर्थ ठरतात.

भौतिकशास्त्रात ३६, रसायनशास्त्रात ४४ व जीवशास्त्रात ६२ गुण मिळविणारा विद्यार्थी उत्तीर्ण असतो. तरी बेरीज १४२ भरते आणि आठ गुणांनी दार बंद राहते. अशा वेळी सर्वच विषयांशी झुंजण्यापेक्षा, थोड्या श्रमाने गुण वाढतील असा विषय हेरणे शहाणपणाचे. कर्नाटकात २०२४ पासून त्याच वर्षी पुन्हा परीक्षेस बसण्याची सोय झाली असून अधिक असलेले गुण ग्राह्य धरले जातात.

पुढे चार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असते. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. एवढ्या दीर्घ वाटचालीत पुनर्परीक्षेस दिलेले काही आठवडे पालकांनी वाया गेले असे मानू नये. पाया पक्का करण्याचीच ती वेळ असते.