फादर स्टीफन्स यांचे जन्मस्थान : क्लिफ पायपर्ड धर्मग्राम

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण मराठीभाषक ख्रिस्ती बांधव आदराने घेतो. गोव्यातील साष्टी ही त्यांची कर्मभूमी आपणांस ठाऊक आहे. जन्मभूमी मात्र फारशी परिचित नाही. तिची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, विल्टशायर परगण्यात, क्लिफ पायपर्ड हा ग्रामीण धर्मग्राम आहे. ‘क्लिफ’ म्हणजे कडा. ‘पायपर्ड’ हे मध्ययुगातील तेथील जमीनदार घराण्याचे नाव. दक्षिणेस खडूच्या दगडाचे उंच पठार आहे. त्यावर पडलेले पावसाचे पाणी खडकात झिरपते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. संत पेत्राचे चर्च व मूळ गाव या कड्याखालीच वसले आहे. उत्तरेस चिकणमातीचा सखल प्रदेश आणि गुरांची कुरणे आहेत. या सखल भागातील बुशटन या वाडीत सुमारे १५४९ साली स्टीफन्स यांचा जन्म झाला. ‘बुशटन’ या नावाचा मूळ अर्थ ‘बिशपांची वाडी’ असा आहे.

त्याच १५४९ साली इंग्लंडमध्ये लॅटिन मिस्सा बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. १५५३ साली मेरी राणी गादीवर आली आणि मिस्सा परतली. १५५९ साली एलिझाबेथ राणीच्या कायद्याने ती पुन्हा बंद झाली. अवघ्या दहा वर्षांत गावोगावच्या चर्चमधील उपासना तीनदा बदलली! वेदी तीच, भाविक तेच. पण पूर्वजांच्या श्रद्धेने उपासना करणे आता गुन्हा ठरले.

स्टीफन्स १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. मायदेशी ते परतलेच नाहीत. १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले आणि १६१९ साली ते प्रभूच्या घरी गेले.

संत पेत्राचे चर्च आज अँग्लिकन पंथाकडे आहे. ज्यांना आपल्याच गावच्या वेदीवर मिस्सा मिळेनाशी झाली, त्यांनी परक्या भूमीतील भाविकांना त्यांच्याच भाषेत प्रभूचे चरित्र दिले. म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना कड्याखालच्या त्या धर्मग्रामाचेही स्मरण करावे आणि ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करावी, असे आम्हांस वाटते.