मढ्याभोवतीची पंगत

गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरावर पूर्वी गिधाडे, कुत्री आणि कावळे यांची झुंबड उडे. त्या चढाओढीत गिधाडे बहुधा जिंकत. आभाळातून ती लांबवरचे हेरत, थव्याने उतरत आणि पाहता पाहता हाडांचा सांगाडा उरे. 1990 च्या दशकात ही पंगत मोडली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली. कारण 2004 मध्ये उलगडले: गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते.

एक भागीदार गेला, तर दुसरा त्याची जागा घेईल आणि निसर्गाचा तोल सावरेल, असे म्हटले जाते. जागा भरली हे खरेच. 2008 मधील एका अभ्यासाच्या अंदाजानुसार भटकी कुत्री किमान 55 लाखांनी वाढली. पण गिधाडाचा घास मिळाला म्हणून गिधाडाचे काम कुत्र्याला जमत नाही. गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू मरतात. कुत्रे मात्र मढे अर्धवट टाकते आणि वस्तीत रेबीज आणते. कुत्री शहरी कचऱ्यानेही वाढली, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा अधिवास असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. डायक्लोफिनॅक स्वस्त होऊन गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागल्यावर पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. 2000 ते 2005 या काळातील जादा मृत्यूंचा त्यांचा अंदाज सुमारे पाच लाखांचा आहे.

मग शेतकऱ्याने दुखणाऱ्या बैलाला औषधच द्यायचे नाही का? द्यायचे, पण मेलॉक्सिकॅम. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्या कुपीवर 3 मिलीलिटरची मर्यादा 2015 मध्ये आली आणि गिधाडांना अशाच घातक असलेल्या, गुरांसाठीच्या किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक या औषधांवरील बंदीला 2023 उजाडले. प्रत्येक पाऊल उशिरा पडले, आणि गिधाडाला उशीर परवडत नाही: मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. पशुपालकांनो, जनावराला इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना औषधाचे नाव जरूर विचारा.