नवरदेव निळा का पडला?

वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची सीडी माळ्यावरून खाली येते. तिच्यातली एव्हीआय फाइल मोबाइलवर चालावी म्हणून घरातलं कुणीतरी हौसेने ती एमपी४ करायला घेतं, आणि चमत्कार सुरू होतात. सनई ऐकू येते, पण पडदा काळा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालावं तर अख्खा मांडव हिरवा. तिसऱ्यात वऱ्हाड डोक्यावर उभं. चौथ्यात सगळं सरळ, फक्त नवरदेवाचा चेहरा निळा आणि नवरीच्या कपाळावरचं कुंकूही निळं! ‘फाइल गेली’ असं म्हणून लोक नाद सोडतात. थांबा जरा. यातली प्रत्येक तऱ्हा काहीतरी नेमकं सांगते आहे, आणि बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते.

पण आधी हे सांगा, ते लग्न त्या सीडीवर मावलंच कसं?

गणित करून बघू. त्या काळच्या व्हिडिओचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एका ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट. सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला की दर सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट होतात. ७०० एमबीची सीडी जेमतेम २३ सेकंदांत भरेल. पहिलं मंगलाष्टकसुद्धा पुरं व्हायचं नाही. तरी असल्याच एका सीडीत अख्खा सिनेमा घालून आपण एकेकाळी मित्रांकडे पोचवत होतो की!

ही किमया करणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो कोडेक. चित्र आवळायचं आणि पाहायच्या वेळी पुन्हा उलगडायचं, एवढंच त्याचं काम. पण आवळतो कसा? आधी तो चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातले ६४ ठिपके जसेच्या तसे लिहीत नाही. ६४ ठरलेल्या नक्ष्यांपैकी कोणती किती प्रमाणात मिसळली की हा चौकोन तयार होईल, ते लिहितो. आणि मौज म्हणजे बहुतेक नक्ष्यांचं प्रमाण शून्याच्या आसपास येतं! ती खुशाल सोडून द्यायची. डोळ्याला पत्ताही लागत नाही.

ही युक्ती सुचली बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद या अभियंत्याला. ते तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. कल्पना फारच सोपी आहे, असं म्हणणं पडलं! अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४मध्ये छापून आला. आज जेपीईजी फोटो असो, एमपीईजी असो की एच.२६४ व्हिडिओ, सगळ्यांच्या पोटात तेच गणित किंवा त्याची नातवंडं आहेत. निधी नाकारणाऱ्यांनी कधीतरी घरच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिलाच असेल.

दुसरी युक्ती याहून धीट. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत बदलतं किती? भटजी तासभर एकाच पाटावर बसलेले. मग दर सेकंदाला पंचवीस वेळा त्यांना नव्याने कशाला काढायचं? कोडेक लिहितो, ‘मागच्या फ्रेममधला हा तुकडा घे, थोडा डावीकडे सरकव.’ काही फ्रेम तर मागच्याबरोबर पुढच्याही फ्रेमचा आधार घेतात. म्हणजे पाचवी फ्रेम काढायला सातवी आधी काढावी लागते! त्यामुळे व्हिडिओ फाइलमध्ये फ्रेम दाखवायच्या क्रमाने नसतात, उलगडायच्या क्रमाने असतात. भविष्य आधी, वर्तमान नंतर. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच एक घोळ होणार आहे.

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. हा कोडेक फाइलमध्ये नसतोच. फाइलमध्ये असतं फक्त त्याचं नाव, तेही चार अक्षरांचं.

मुंबईचे डबेवाले झाकणावरची खूण वाचून डबा पोचवतात. आत उसळ आहे की भरली वांगी, याच्याशी त्यांना घेणं नसतं. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ हे असेच डबे. आत चित्र कुठल्याही पद्धतीने आवळलेलं असू शकतं. एव्हीआयच्या झाकणावरची खूण म्हणजे ती चार अक्षरं: कधी ‘एक्सव्हीआयडी’, कधी ‘डीएक्स५०’, कधी ‘डीआयव्ही३’. संगणक ती खूण वाचतो आणि आपल्याकडे या नावाचा उलगडणारा कुणी आहे का, ते शोधतो. म्हणून दोन फाइलींच्या नावापुढे सारखंच ‘एव्हीआय’ असूनही एक चालते आणि दुसरी रुसते.

खुणेची ताकद बघायची असेल तर ‘डीआयव्ही३’चीच कथा ऐका. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा एक उत्तम कोडेक होता, पण त्याने आवळलेलं चित्र एव्हीआयच्या डब्यात घालायला कंपनीने मनाई केली होती. जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने ते कुलूप काढलं, खूण बदलली आणि नाव ठेवलं डिव्हएक्स, पुढे डोळा मारणाऱ्या चेहऱ्यासकट! अमेरिकेत त्याच नावाची, भाड्याच्या डिस्कची एक योजना सपशेल आपटली होती, तिची ही टर. त्यामुळे ‘डीआयव्ही३’ची खूण असलेली फाइल संगणकाला उघडता येत नसेल, तर अनेकदा चार अक्षरं पुसून त्या जागी मायक्रोसॉफ्टची मूळ खूण लिहिली की काम होई. ७०० एमबीच्या फाइलमध्ये ४ बाइट बदलायचे, आणि मुका पडदा बोलायला लागतो!

मग खूण नीट आहे, उलगडणाराही घरात आहे, तरी भांडण कशाचं? उलगडणारे एकाहून जास्त असतात, त्याचं.

विंडोजमध्ये डायरेक्टशो नावाची व्यवस्था आहे. फाइल उघडली की ती एक साखळी जोडते: एक कडी डबा उघडते, एक चित्र आणि आवाज वेगळे करते, एक चित्र उलगडते, एक पडद्यावर मांडते. प्रत्येक जागेसाठी चार-चार उमेदवार असू शकतात. निवड कशी होते? प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असतो, त्याला म्हणतात मेरिट. ज्याचं मेरिट जास्त, त्याला आधी संधी. मायक्रोसॉफ्टने पायऱ्याही आखून दिल्या होत्या: ‘वापरू नका’, ‘शक्यतो नको’, ‘साधारण’, ‘पसंतीचा’. व्यवस्था झकास. फक्त एक गोम होती. हे गुण ज्याचे त्याने स्वतःला द्यायचे!

पुढे काय झालं असेल ते सांगायला हवं का? दहावीला ही सोय असती तर काय झालं असतं, तेच. जो तो कोडेक स्वतःला ‘पसंतीचा’ म्हणवू लागला, काही त्याच्याही वर जाऊन बसले. म्हणजे बघा, तुम्ही परवा गाणी ऐकायला कुठलातरी प्लेअर बसवला, त्याने सोबत आपला कोडेक आणला, आणि आज व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम वेगळाच वागायला लागला. त्या प्रोग्रॅमला तुम्ही हातही लावलेला नाही. त्याची साखळी मात्र आता दुसऱ्याच कडीने जोडली जाते. इतकंच नाही, विंडोज फोल्डरमधली छोटी चित्रंसुद्धा कोडेककडूनच मागून घेतं. म्हणून कधीकधी फाइल न उघडता, नुसतं फोल्डर उघडल्यावर ‘कॉम सरोगेट’ हा विंडोजचा मदतनीस प्रोग्रॅम बंद पडल्याची पाटी झळकते. कॉम सरोगेट बिचारा निरपराध. त्याच्या अंगणात येऊन कोसळलेला असतो एखादा कोडेक.

आणखी एक खोच. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचा कोडेक आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. त्यामुळे एकाच संगणकावर एका प्रोग्रॅमला कोडेक दिसतो आणि दुसरा शपथेवर सांगतो की असा कुणी इथे राहतच नाही. दोघंही खरं बोलतात.

आता त्या मांडवात परत जाऊ. व्हिडिओ लाल-हिरवा-निळा अशा हिशोबात रंग ठेवत नाही. एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगछटांचे. आपला डोळा उजेडाबाबत चोखंदळ आणि रंगाबाबत बराच ढिला, म्हणून रंगछटांची माहिती सरळ पाव केली जाते आणि आपल्याला कळतही नाही. या रंगछटांमध्ये ‘रंग नाही’ हे शून्याने लिहीत नाहीत, १२८ने लिहितात. कोडेकने चित्र दिलंच नाही, तर रिकाम्या जागेत शून्य राहतात. उजेड शून्य, दोन्ही छटा शून्य. हिशोब मांडला की लाल आणि निळा तळाला जातात आणि उरतो हिरवा! म्हणजे हिरवा पडदा हे चित्र बिघडल्याचं लक्षण नाही; चित्र पोचलंच नाही, असा तो निरोप आहे.

आणि निळा नवरदेव? रंगछटा ठेवण्याच्या दोन पद्धती फार प्रचलित आहेत, वायव्ही१२ आणि आय४२०. दोघींमध्ये फरक एवढाच की दोन छटांपैकी आधी कुठली लिहायची. देणाऱ्याने एका क्रमाने दिलं आणि घेणाऱ्याने दुसऱ्या क्रमाने घेतलं, की लाल ते निळं होतं आणि हळद हिरवट-आकाशी दिसते. उलट्या वऱ्हाडाचं कारण तर आणखी बारीक आहे. विंडोजमध्ये चित्राच्या ओळी परंपरेने खालून वर लिहितात. वरून खाली लिहिल्या असतील तर उंचीच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह द्यायचं. एखाद्या कडीने ते चिन्ह वाचलं नाही की सगळे पाहुणे शीर्षासनात. एका वजाबाकीच्या रेघेचा हा प्रताप!

आवाज आणि ओठ जुळत नसतील तर भविष्य-आधी-वर्तमान-नंतरचा तो घोळ आठवा. एव्हीआय १९९२चा. तेव्हाचा करार साधा होता: एक फ्रेम आत द्या, एक बाहेर घ्या. पुढच्या फ्रेमची वाट पाहणाऱ्या फ्रेम या करारात बसेनात. मग कोडेकवाल्यांनी शक्कल लढवली: दोन फ्रेम एकाच पुडीत बांधायच्या आणि नंतर एक रिकामी पुडी ठेवायची, म्हणजे मोजणी बरोबर येते. ही चलाखी ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमने तशी फाइल दुसऱ्या डब्यात हलवली की चित्र अडखळतं. एमपी४मध्ये ही कटकट नाही. तिथे फ्रेम कधी उलगडायची आणि कधी दाखवायची, या दोन्ही वेळा नोंदता येतात.

या सगळ्या गदारोळातून सुटायचा रस्ता पॅरिसजवळून निघाला. इकोल सेंत्राल या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये वसतिगृहाच्या नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला. आतला हेतू असा की त्या निमित्ताने नेटवर्क वेगवान व्हावं आणि खेळ खेळता यावेत. त्यातून व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर जन्मला. २०००मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं साधन सुरू केलं. (हेच बेलार २००९मध्ये घरच्या साध्या संगणकावर पायचे २.७ लाख कोटी अंक काढून बसले होते. अशा माणसांचं काय करावं!) व्हीएलसी आणि एफएफएमपेग या दोघांची रीत एकच: उलगडणारे स्वतःच्या घरचे घेऊन यायचे. विंडोजच्या मेरिट यादीकडे बघायचंच नाही. भांडायला समोर दुसरा उमेदवार नसेल तर भांडण होणार कुठून?

म्हणून व्हिडिओ अडला तर कोडेकचे गठ्ठे उतरवून बसवू नका. त्यातून भांडणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते. ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी नवा कोडेक घ्या’ म्हणणाऱ्या वेबसाइटपासून तर चार हात लांब राहा. २००५च्या सुमारास झ्लोब नावाचा ट्रोजन नेमका याच वेषात घराघरांत शिरला होता. आधी फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडून डब्यात काय आहे ते वाचा. आतला माल एच.२६४ असेल आणि अडचण फक्त डब्याची असेल, तर एफएफएमपेगला नुसतं ‘कॉपी’ करायला सांगा. चित्राला धक्का न लागता डबा बदलतो, तोही बहुधा काही सेकंदांत. जुना डिव्हएक्स असेल तर हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅमने नव्याने आवळा.

आजच्या मोबाइलच्या व्हिडिओंनाही हेच नियम लागू आहेत, फक्त नावं बदलली. २०१७पासून आयफोन चित्रं एचईव्हीसीमध्ये आवळू लागला, आणि पुष्कळशा विंडोज संगणकांवर तो उलगडणारा आयता नसतो. शिवाय उजेड कमी झाला की फोन सेकंदाच्या फ्रेम गुपचूप कमी करतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम त्या सारख्याच आहेत असं धरून चालला, तर आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमदराचा पर्याय निवडला की हा त्रास बहुतेक थांबतो.

आणि रूपांतर कितीही छान जमलं तरी मूळ फाइल पुसू नका. नव्याने आवळताना दर वेळी थोडा तपशील कायमचा गळतो, तेव्हा पुढचं रूपांतर एमपी४वरून न करता त्या मूळ फाइलीवरूनच करा.