गाडीच्या अंगातून परतणारी वीज

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेवर संकटच ओढवलं. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. वाटेत थोडी जमिनीतही झिरपते, आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडतात. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907 मध्ये.

आज अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक पेट्रोल-डिझेल गाडीत वीज अशीच परतते. बॅटरीची एक केबल सेल्फ-स्टार्टरकडे जाते, दुसरी, म्हणजे अर्थची, थेट बॉडीला बोल्टने आवळलेली असते. दिवे, हॉर्न, सेल्फ, सगळ्यांची परतीची वाट एकच, गाडीचं लोखंडी अंग! सेल्फ मारताना त्यातून 200 अँपिअरच्या आसपास प्रवाह धावतो. घरातल्या दीड टनी एसीला सात-आठ अँपिअर पुरतात. त्या क्षणी केबलपासून वीतभर अंतरावर होकायंत्र धरलं, तर एकट्या केबलचं चुंबकत्व तिथे पृथ्वीच्या चौपटीहून जास्त भरतं.

जुन्या गाडीची केबल जाड का लागते, ते इथे कळतं. दीड मीटर लांब, 16 चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये 200 अँपिअरला सुमारे 0.3 व्होल्ट वाया जातात. 12 व्होल्टच्या प्रीमियर पद्मिनीला ते खपून जातं. पण दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप 6 व्होल्टची. तेवढ्याच ताकदीसाठी प्रवाह दुप्पट, म्हणून नुकसानही दुप्पट, आणि तेही निम्म्या व्होल्टमधून. म्हणजे टक्केवारीत चौपट! अशा गाडीला 12 व्होल्टवाली बारीक केबल घालणं हा तिच्यावर अन्यायच आहे. 50 चौरस मिमीच्या खाली जाऊ नये.

मला सगळ्यात थक्क करते ती इंजिनाची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून चासीशी त्याला विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडतात. ती तुटली, तर वीज दुसरी वाट शोधते. चोकच्या बारीक तारेतून परतू लागते आणि ती तार चटका बसेल इतकी तापते. बॅटरी दणकट असूनही सेल्फ नुसता 'टक' करत असेल, तर नवी बॅटरी आणण्याआधी ही पट्टी बघावी.

किनाऱ्यावर खारी हवा तांब्याच्या तारांत आतपर्यंत शिरते आणि त्यांच्यावर हिरवा कळंक चढतो. बोटींसाठी कथलाचा लेप दिलेल्या तारांची केबल मिळते. घरच्या पातेल्याला कल्हई करतात तसंच हे. मुरूड-श्रीवर्धनकडे गाडी ठेवणाऱ्याने तीच घ्यावी. अर्थच्या बोल्टखालचा रंग आणि गंज घासून धातू चकचकीत करावा, बोल्ट आवळावा, मग वरून व्हॅसलीन लावावं.

जोडण्याआधी कोणतं टोक बॉडीला आहे ते तपासा. मॉरिस मायनरसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक बॉडीला असतं. आणि प्लस असो की मायनस, बॉडीची केबल काढताना सगळ्यात आधी काढा, लावताना सगळ्यात शेवटी लावा. एरवी पान्हा बॉडीला टेकला की बॅटरीची सगळी ताकद त्या पान्ह्यातूनच धावते.